कॉन्फिगर, मेक, इन्स्टॉल... आणि हंबाऽऽ!

वर्धेकर लिनक्सप्रेमींनो, टर्मिनल उघडा! रेडीमेड पॅकेज काय, कुणीही टाकतं. खरी धमाल सोर्सपासून बिल्ड करणाऱ्यांची!

सेवाग्रामचं आधीचं नाव सेगाव, माहीत आहे का? गांधीजींची पत्रं चुकून बुलढाण्याच्या शेगावला जायची, म्हणून 1940 मध्ये गावाचं नाव बदललं. डेबियनमध्येही सेम टू सेम घोळ! हॅम रेडिओवाल्यांचं 'नोड' आधीपासून ठाण मांडून होतं. मागून सुपरस्टार नोड-जेएस आलं, त्यालाही कमांड 'नोड'च हवी. डेबियनचा नियम फर्मास: एकमत होत नाही ना, मग दोघांनीही पाट्या बदला! बिचाऱ्या सुपरस्टारला काही वर्षं 'नोडजेएस' या कमांडवर भागवावं लागलं.

मेकफाइलमध्ये कमांडआधी स्पेस दिली की बिल्ड आडवं. टॅबच हवा! 1976 मध्ये बेल लॅब्सच्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' लिहिलं. टॅबची खोड लवकरच लक्षात आली, पण तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते. त्यांना त्रास नको म्हणून टॅब तसाच ठेवला. डझनभरांची सोय, जगाची गैरसोय!

अख्खं लिनक्स हाताने उभारायचंय? 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच'मध्ये वेळ मिनिटांत नाही, 'एसबीयू'त मोजतात. तुमच्या मशीनवर बिनयुटिल्स पहिल्यांदा बिल्ड व्हायला लागेल तितका एक एसबीयू. पीसी म्हातारा, तर एसबीयूही लंबाचवडा. घ्या!

जेन्टू हा पाण्यातला सर्वांत वेगवान पेंग्विन. त्याच्या नावाची डिस्ट्रो मात्र कंपाइल होता होता रात्र खाते.

आता जरा धडधड. मार्च 2024. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला खटकलं, की एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद अडखळतंय. खणलं, तर 'एक्सझेड'मध्ये चक्क चोरदरवाजा! तो उघडणारी बिल्ड स्क्रिप्ट गिटवर नव्हतीच. ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये घुसवली होती. म्हणजे लोक ज्याला सोर्स समजून बिल्ड करत होते, ते गिटवरच्या सोर्सशी जुळतच नव्हतं. अर्ध्या सेकंदाने वाचवलं, राव!

आर्वीकडची गवळाऊ गाय पाहिलीय ना? मग 'एपीटी-गेट मू' टाइप करा. अक्षरांची गाय अवतरते आणि विचारते, आज हंबरलात का? 'ॲप्टिट्यूड मू' मात्र भाव खातं: इथं काही गंमत-बिंमत नाही! कमांडला एकेक 'व्ही' वाढवत छळत राहा. आधी नकार, मग वैताग, आणि शेवटी हत्ती गिळलेला साप.