गिझरचा थर्मोस्टॅट बदलताना जुने वायरिंगही तपासा

साखळी परिसरातील अनेक जुन्या घरांत न्हाणीतल्या तांब्याच्या भाणाची जागा विजेच्या गिझरने घेतली आहे. मात्र अशा घरांतील वायरिंग बहुधा दिवे आणि पंखे यांच्यापुरतेच केलेले असते. त्यामुळे थर्मोस्टॅट बिघडल्यास केवळ तो सुटा भाग बदलून भागत नाही.

थर्मोस्टॅट म्हणजे उष्णतेवर चालणारा स्विच. टाकीत शिरलेली त्याची पितळी नळी पाण्याबरोबर तापून प्रसरण पावते, आतली मिश्रधातूची कांडी मात्र फारशी वाढत नाही. या फरकामुळे ठरावीक तापमानाला संपर्क तुटतो व कॉइलचा प्रवाह थांबतो. तो बिघडून संपर्क तुटेनासा झाल्यास पाणी उकळू लागते. त्यासाठी थर्मल कट-आउट ही दुसरी संरक्षक व्यवस्था असते. ती वगळून वायर थेट जोडणे जिवावर बेतू शकते.

खरा धोका जोडणीत असतो. थर्मोस्टॅटने फेज तोडायला हवा. जुन्या घरांत वेळोवेळी मिळेल त्या रंगाची वायर वापरलेली असल्याने रंगावरून फेज ओळखता येईलच असे नाही. फेज व न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर थर्मोस्टॅट बंद झाला तरी कॉइलमध्ये वीजदाब कायम राहतो. अशा वेळी कॉइलचे आवरण फुटलेले असेल आणि अर्थिंग नसेल, तर नळाच्या पाण्यातूनही धक्का बसू शकतो. अर्थिंगची वायर नसेल, तर ती न्यूट्रलला जोडण्याची पळवाट कदापि वापरू नये.

भाराचाही विचार हवा. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. दिव्यांच्या बारीक वायरवर तो चालवल्यास सांधे तापतात. त्याला एमसीबीपासून स्वतंत्र २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १६ अँपिअरचा सॉकेट हवा.

हे काम परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. मुख्य स्विच बंद करून टेस्टरने खात्री केल्यानंतरच झाकण उघडावे. नवा थर्मोस्टॅट मूळ लांबीचा व क्षमतेचा असावा. टाकी भरल्याशिवाय वीज सुरू करू नये. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून त्याचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे; पावसाळ्यात भिंती ओल धरतात, तेव्हा तर ते आवर्जून करावे. थर्मोस्टॅट पाणी बेताने तापवतो. माणसाला धक्क्यापासून वाचवण्याचे काम अर्थिंग आणि आरसीसीबी यांचे आहे.