बाराखांबीच्या पायाशी गाडलेली देवळे

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे गाव योगेश्वरी देवी आणि आद्यकवी मुकुंदराज यांच्यामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. यादवकाळात मात्र त्याची ओळख आणखी मोठी होती. याची साक्ष देणारे सकलेश्वर मंदिर लोकांच्या तोंडी 'बाराखांबी' म्हणून रुळले आहे. २०२४ मध्ये राज्याच्या पुरातत्त्व विभागाने या मंदिराच्या परिसरात केलेल्या उत्खननात आणखी दोन मंदिरांचे पाये उजेडात आले.

येथील शके ११५० (इ.स. १२२८) च्या शिलालेखाचा संबंध देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याच्याशी आहे. शके ११६२ च्या दुसऱ्या लेखात त्याची मुलगी लक्ष्मी हिने गुजरातच्या स्वारीत पडलेल्या राम या भावाच्या स्मरणार्थ मंदिर उभारल्याची नोंद आहे. राजधानीबाहेरच्या या गावी सेनापतीचे घराणे मंदिरे बांधत होते, यावरून त्याचे महत्त्व ध्यानात यावे.

मग देवळे नाहीशी होऊन पायेच का उरतात? यादवकालीन मंदिरांचे घडीव दगड चुन्याविना, खाचा आणि वजन यांच्या आधारे एकमेकांवर बसविलेले असतात. छत एकदा कोसळले की हे आयते दगड घरांच्या भिंती, विहिरी, गढ्या यांसाठी उचलले जातात. तळाचे अवजड थर उपसणे कष्टाचे असल्याने ते जागीच राहतात आणि हळूहळू मातीखाली दडतात.

अभ्यासकाला हा पायाही पुष्कळ सांगून जातो. त्यावरून गर्भगृहाचा आकार, भिंतींची जाडी आणि दाराची दिशा कळते. जाडीवरून वरच्या शिखराच्या भाराचा अंदाज बांधता येतो. शेजारी पडलेले खांब व शिल्पखंड कोणत्या वास्तूचे, हेही जुळवता येते.

खरी कसोटी मात्र यापुढची आहे. मातीने शतकानुशतके जपलेले अवशेष उघडे पडताच ऊन, पाऊस आणि झाडांची मुळे त्यांना पोखरू लागतात. म्हणूनच प्रत्येक थराचे मोजमाप, रेखाचित्रे व छायाचित्रे वेळीच तयार होणे आणि पाण्याचा निचरा करणे आवश्यक ठरते. प्रसंगी नोंदी पूर्ण करून अवशेष पुन्हा मातीने झाकणे हाही संवर्धनाचा मान्य मार्ग आहे. अन्यथा जे काळाच्या ओघात वाचले, ते उघडे पडल्यावर काही पावसाळ्यांतच झिजून जाण्याची भीती आहे.