उजेडाची वाट

रात्रीच्या झगमगाटाने स्थलांतरित पक्षी वाट चुकतात म्हटले, की शिरपूर जैनचा माणूस म्हणेल, हा मुंबई-पुण्याचा प्रश्न. पण आसाममधले जतिंगा लहानसे गावच आहे. पावसाळा सरताना, चंद्र नसलेल्या धुकट रात्री तिथे पक्षी दिव्यांवर येऊन पडतात. त्याला ‘आत्महत्या’ म्हणायची रीत पडली, ती चुकीची. धुक्यात भांबावलेला पक्षी उजेडाकडे ओढला जातो. पुढे मारत आली ती बहुधा माणसेच.

विदर्भाच्या जंगलात पावसाळ्यात विणीला येणारा आपला नवरंगही रात्रीच प्रवास करतो. तो थकून घरात शिरल्याच्या नोंदी जुन्या आहेत.

न्यूयॉर्कमध्ये दर ११ सप्टेंबरला जुळ्या मनोऱ्यांच्या स्मरणार्थ आकाशात प्रकाशझोत सोडतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, सात वर्षांतल्या अशा सात रात्रींत सुमारे ११ लाख पक्ष्यांवर त्यांचा परिणाम झाला. झोत वीसेक मिनिटे बंद केले, की घिरट्या घालणारे थवे पांगत. प्रदूषणाच्या इतर प्रकारांत इतकी झटपट सुटका क्वचितच मिळते.

लक्ष्मीपूजन अमावास्येचे, आणि हिवाळी पाहुणे याच दिवसांत उतरतात. पणती, आकाशकंदील यांचा दोष नाही. इमारतींवर खालून वर सोडलेले झोत मात्र मध्यरात्रीनंतर बंद ठेवता येतात.