अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत संगणक गार राहतो का?

मे महिन्यातील दुपार आहे, खारघरमधील तुमच्या खोलीचे तापमान ३४ अंश सेल्सिअस आहे आणि तुम्ही संगणकावर खेळ खेळत आहात, असे समजा. अशा वेळी ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर मिळून सहज ४०० वॉट वीज घेतात. ही जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत बदलते. जुने १०० वॉटचे चार दिवे पत्र्याच्या पेटीत लावून ठेवावेत, तसाच हा प्रकार!

खेळासाठी संगणक जुळवताना बहुधा 'मिड-टॉवर' आकाराची पेटी घेतात. तिच्यात ३०५ × २४४ मिलिमीटरचा प्रमाण मदरबोर्ड बसतो. ही पेटी पोलादी पत्र्याची मिळते, तशीच अ‍ॅल्युमिनियमचीही. दुसरी बरीच महाग. "अ‍ॅल्युमिनियम उष्णतेचे सुवाहक आहे, म्हणून यंत्र गार राहील," असे सांगून मुले वडिलांना जादा पैसे द्यायला लावतात. पुस्तकातील आकडेही मुलांच्याच बाजूचे दिसतात: अ‍ॅल्युमिनियमची उष्णतावाहकता साध्या पोलादाच्या सुमारे चौपट आहे. तरीही निष्कर्ष चुकीचा आहे.

कारण उष्णतेच्या वाटेत धातू एकटा नसतो. पत्र्याच्या आतल्या व बाहेरच्या अंगाला हवेचे पातळ थर चिकटलेले असतात आणि हवा ही उष्णतेची दुर्वाहक. एक मिलिमीटर पोलादी पत्रा उष्णतेला जेवढा अडथळा करतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट अडथळा असा एकेक थर करतो. सायन-पनवेल महामार्गावर दोन्ही टोकांना वाहने तुंबली असतील, तर मधला हातभर रस्ता गुळगुळीत करून काय उपयोग?

आता थोडे गणित करू. एक किलोग्रॅम हवा एक अंशाने तापवण्यास सुमारे १००० ज्यूल उष्णता लागते. बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा १० अंशांनीच अधिक तापलेली असावी, असे ठरवले, तर ४०० वॉट वाहून नेण्यास सेकंदाला ४० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ३५ लिटर हवा लागेल. दर सेकंदाला दोन बादल्या! याउलट पेटीच्या सगळ्या बाजू मिळून २० ते ४० वॉटच बाहेर टाकतात. २००३ साली अ‍ॅपल कंपनीने 'पॉवर मॅक जी-५' हा संगणक अ‍ॅल्युमिनियमच्या देखण्या पेटीत आणला, तेव्हा तिची पुढची-मागची बाजू जाळीदार ठेवून आत नऊ पंखे बसवावे लागले होते.

मात्र बिनपंख्याच्या काही खास पेट्यांत प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळ्यांनी थेट पन्हळीदार भिंतीपर्यंत नेतात. तेथे अ‍ॅल्युमिनियमची वाहकता खरोखर उपयोगी पडते.

मग अ‍ॅल्युमिनियम घेऊच नये काय? तसे नाही. त्याची घनता २.७, पोलादाची ७.८, त्यामुळे पेटी हलकी होते. खारघरला खाडी जवळ, पावसाळ्यात हवा दमट. रंग खरवडला की पोलाद गंजते. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा संरक्षक थर आपोआप तयार होतो. पण अ‍ॅल्युमिनियमचा ताठपणाही पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच, त्यामुळे स्वस्तातला पातळ पत्रा पंख्याबरोबर थरथरतो आणि कटकट आवाज करतो.

म्हणून दुकानात धातूआधी पुढची बाजू पाहा. सलग काच किंवा पत्रा असेल, तर आतले पंखे गुदमरतात, जाळी हवी. जाळीमागे सहज निघणारी धूळगाळणी हवी, कारण महामार्गाची आणि नव्या बांधकामांची धूळ सगळीकडे असते. फूटपट्टी सोबत न्या. काही ग्राफिक्स कार्डे ३० सेंटिमीटरहून लांब असतात आणि ती न मावल्यास पेटी सोन्याची असली तरी परतच करावी लागेल.

घरी संगणक सुरू असताना टिश्यू कागदाची अरुंद पट्टी प्रत्येक जाळीसमोर बाहेरून धरा. पुढे ती जाळीकडे ओढली जावी, मागे दूर उडावी. दोन्हीकडे उडत असेल, तर एखादा पंखा उलटा बसला आहे.