ऑफिसात आयपीव्ही६ ‘बंद’ आहे? एकदा तपासून पाहाच

इंटरनेटवरच्या प्रत्येक उपकरणाला पत्ता लागतो. जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटीच पत्ते आहेत. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपले. भारतातली मोबाइल नेटवर्क बरीचशी आयपीव्ही६वर गेली आहेत, म्हणजे तुमच्या हातातला फोन बहुधा त्यावरच चालतोय. मागे राहिली आहेत ती ऑफिसं.

‘आम्ही ते सुरूच केलेलं नाही’ हा समज धोक्याचा. विंडोजमध्ये व्हिस्टापासून आयपीव्ही६ आपोआप सुरू असतं. फायरवॉलचे नियम मात्र फक्त आयपीव्ही४साठी लिहिलेले असतील, तर पुढचं दार कुलूपबंद आणि मागचं उघडं, अशी गत होते. शिवाय आयपीव्ही४मध्ये राउटरमागचे संगणक बाहेरून थेट दिसत नाहीत. आयपीव्ही६मध्ये प्रत्येकाला स्वतःचा जाहीर पत्ता मिळू शकतो. म्हणून नियम आधी, जोडणी नंतर.

सुरुवात यादीने करा: राउटर, प्रिंटर, सीसीटीव्ही, हजेरीचं मशीन. गाडी अडते ती बहुतेकदा जुन्या मशीनवर. सॉफ्टवेअरही बघा. आयपीव्ही४ पत्ता १५ अक्षरांत मावतो, आयपीव्ही६ला ३९ लागू शकतात.

मग दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवा, आधी पाहुण्यांच्या वायफायवर. आणि सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट बंद करायची जुनी सवय इथे नको. आयपीव्ही६चं कामच त्यावर चालतं.