घरातली यंत्रं : एसीचा ब्लोअर

मागच्या आठवड्यात एसीची जाळी धुऊन झाली. तरीही खोली गार होत नाही म्हणून मेकॅनिकला फोन केला, की पुष्कळदा ऐकू येतं, "गॅस कमी झाला असेल." लगेच मान डोलावू नका. एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरतच राहतो. गळती असेल तरच कमी होतो. आधी ब्लोअर बघा.

मेन स्विच बंद करा. हवा येते तिथल्या पट्ट्या हलक्या हाताने उघडून मोबाईलचा टॉर्च आत मारा. आडवं, लांबलचक नळकांडं दिसेल, तोच ब्लोअर; त्याला लांबीभर बसवलेली अरुंद, बाकदार पाती. या जातीच्या पंख्याचं पेटंट पॉल मॉर्टिए यांनी 1893 साली घेतलं. एका अंगाने हवा ओढायची आणि दुसऱ्या अंगाने रुंद झोतात सोडायची, ही त्याची करामत. ती सगळी पात्यांच्या बाकावर अवलंबून असते, आणि मळ नेमका तिथेच साचतो. जाळीतून निसटलेली धूळ, फोडणीचा तेलकट धूर आणि कॉइलवरून येणारी ओलसर हवा, तिन्ही मिळून काळा थर धरतात. मुंबई-कोकणात त्यावर बुरशीही चढते. एसी लावताच येणारा कुबट वास बऱ्याचदा तिचाच.

बाक बुजला की हवा कमी ओढली जाते. कॉइलला खोलीची उष्णता पुरेशी मिळत नाही, त्यावर बर्फ धरतो आणि तो वितळला की भिंतीवर पाणी. गोंधळ इथेच होतो: गॅस कमी असला तरीही कॉइलवर बर्फ धरतो. म्हणून हात लावून पाहा. झोत मंद पण चांगला गार असेल, तर संशय ब्लोअरवर. झोत जोरात पण कोमट असेल, तर गॅस किंवा कॉम्प्रेसर तपासायला सांगा.

आवाजही बोलका असतो. थरथर म्हणजे मळाने पंख्याचा तोल गेला. एकसारखी किरकिर बहुधा मोटरच्या विरुद्ध टोकाच्या बुशची. मोटर नुसती गुणगुणते, पंखा फिरत नाही, असं साध्या एसीत झालं तर कपॅसिटर उतरलेला असू शकतो. स्वस्तातलं काम आहे, पण त्यात वीज साठून राहते, म्हणून स्वतः उघडू नका.

टूथब्रशने पाती घासू नका. एक पातं तुटलं तरी तोल बिघडतो आणि अख्खा ब्लोअर बदलावा लागतो. पात्यावर धातूची छोटी क्लिप दिसली तर ती तोलासाठीच असते, काढू नका. सर्व्हिसिंगला आलेल्या माणसाला मात्र स्पष्ट सांगा, "ब्लोअरही धुवा." अनेकजण जाळी आणि कॉइलवर पाणी मारून निघतात. सर्किट बोर्ड प्लॅस्टिकने झाकूनच जेट पंप लावू द्या, आणि पैसे देण्याआधी टॉर्च पुन्हा मारा.

रोजच्यासाठी एवढंच: एसी बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं नुसत्या फॅन मोडवर चालवा, म्हणजे कॉइल आणि ब्लोअर दोन्ही सुकतात.

पुढच्या आठवड्यात : पाण्याची ड्रेन नळी.