वेगवान मोटारीतील फेरफार: रूढ समजुती आणि वस्तुस्थिती

बीड जिल्ह्याचे नाव निघाले की दुष्काळ, ऊसतोड कामगारांचे स्थलांतर आणि बालाघाटाची उघडी पठारे हीच चित्रे वाचकाच्या मनासमोर उभी राहतात, आणि म्हणून या मुलखाच्या संदर्भात वेगवान मोटारीचा विषय काढणे कोणास अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु धुळे-सोलापूर हा ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी झाल्यापासून एमएच-२३ ही बीडची पाटी असलेल्या टर्बो इंजिनाच्या गाड्या त्यावर नजरेस पडू लागल्या आहेत, आणि त्यांच्या मालकांत, विशेषतः तरुण मालकांत, गाडीत फेरफार करून ती अधिक वेगवान किंवा अधिक सुखावह करून घेण्याची हौस वाढत आहे. ही हौस परकीय आहे असेही म्हणता येणार नाही. ज्या हैदराबाद संस्थानात बीड १९४८ पर्यंत मोडत होते, त्या संस्थानाच्या सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खान यांनी, रोल्स-रॉइस कंपनीकडे नोंदवलेली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९१२ साली तयार झालेली सिंहासनी मोटार आजही हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात उभी आहे, आणि मालकाच्या इच्छेबरहुकूम मोटारीचा देह घडवून घेण्याचे ते उत्तम उदाहरण आहे. अलीकडच्या काळात तर वेगवान मोटार मराठवाड्याच्या उंबरठ्यापर्यंत आली: छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथे २००१ पासून स्कोडाचा कारखाना आहे, तेथे ऑक्टाव्हियाची जुळणी होत असे, आणि याच ऑक्टाव्हियाची २०१७ साली भारतात आलेली आरएस ही आवृत्ती दोन लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनातून २३० अश्वशक्ती देत होती. आज जुन्या गाड्यांच्या बाजारात अशी गाडी विकत घेणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हिच्यात काय बदलावे हा; आणि तेथूनच ऐकीव माहितीचा कारभार सुरू होतो.

सर्वांत खोलवर रुजलेली समजूत अशी, की आराम आणि वेग यांचे हाडवैर असून गाडी जितकी कडक आणि जितकी जमिनीलगत, तितकी ती वेगवान. ही समजूत शर्यतीच्या गुळगुळीत मार्गावरून उचलली गेली आहे, आणि मांजरसुंब्याहून केजकडे किंवा पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ती लागू पडत नाही. चाक रस्त्याला टेकलेले असेल तरच ते गाडीला वळवू शकते, थांबवू शकते आणि पुढे ढकलू शकते; आणि खडबडीत रस्त्यावर अतिकडक स्प्रिंगची गाडी प्रत्येक उंचवट्यावर चाकासकट उडते, म्हणजे ज्या क्षणी पकडीची सर्वाधिक गरज असते त्याच क्षणी ती पकड सोडते. म्हणून खराब रस्त्यावर सुखाने चालणारी गाडी हीच बहुधा वेगानेही चालू शकणारी गाडी असते. मानवी शरीराविषयी झालेल्या मोजमापांतून असे दिसून आले आहे, की बसलेल्या माणसास उभ्या दिशेचे सेकंदाला चार ते आठ वेळा होणारे कंपन सर्वाधिक त्रास देते, तर सर्वसाधारण मोटारीचा सांगाडा आपल्या स्प्रिंगांवर सेकंदास एक ते दीड वेळा हेलकावतो. स्प्रिंग कडक करीत गेल्याने ही संख्या वाढत जाते, आणि लांबच्या प्रवासानंतर कंबर व मान यांची जी तक्रार सुरू होते तिचे मूळ पुष्कळदा आसनाच्या गादीत नसून या कडकपणात असते. जाड गादी बसवून हा दोष झाकता येत नाही.

याच ठिकाणी दुसरा एक घोटाळा निस्तरला पाहिजे. गाडीचे ओझे शॉकअब्सॉर्बर, ज्यास आपल्या गॅरेजांत शॉकप म्हणतात, तो उचलतो असे अनेकांस वाटते. वस्तुतः ओझे उचलते ते स्प्रिंग. शॉकपचे काम एवढेच, की दाबले गेलेले स्प्रिंग मोकळे होताना जे हेलकावे सुरू होतात ते तेलाच्या घर्षणाने लवकर शमवावेत. हा भेद ध्यानी न घेता जे काही केले जाते, त्यातील सर्वांत घातक प्रकार म्हणजे गाडी खाली आणण्यासाठी स्प्रिंगचे वेढे कापणे. वेढे कमी झाले की उरलेले स्प्रिंग त्याच प्रमाणात कडक होते, मूळ शॉकपची तजवीज त्या कडकपणासाठी केलेली नसते, आणि चाक खड्ड्यात पूर्ण खाली लोंबले असता आखूड झालेले स्प्रिंग आपल्या बैठकीतून निसटण्याचाही संभव राहतो. तापवून वाकवलेल्या स्प्रिंगाच्या पोलादाचा गुणधर्मच बदलतो, हे वेगळेच. ज्यास गाडी खरोखर सुधारायची आहे त्याने स्प्रिंग आणि शॉकप एकमेकांशी जुळतील असे, एकाच निर्मात्याचे आणि त्याच गाडीसाठी बनवलेले, एकत्र बसवावेत. आणि त्याहून आधी, साठ-सत्तर हजार किलोमीटर धावलेल्या गाडीचे जीर्ण शॉकप आणि फाटलेले रबरी बुश बदलून पाहावेत, कारण ज्या सुधारणेसाठी मालक लाखभर रुपये खर्चावयास निघतो ती पुष्कळदा एवढ्यानेच पदरी पडते.

जमिनीपासूनच्या उंचीचा हिशेबही येथे स्वच्छ आकड्यांत मांडणे इष्ट. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संकेतानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावयास हवा, आणि तो ताशी २५ किलोमीटर वेगाने सुखरूप ओलांडता यावा. प्रत्यक्षात गावकऱ्यांनी, आपली लेकरे रस्त्यावर असतात या रास्त भीतीने, रातोरात घातलेला मुरमाचा किंवा डांबराचा उंचवटा कोणताही संकेत पाळीत नाही. अशा रस्त्यांवर गाडी चार बोटेही खाली आणली तर इंजिनाखालचा तेलाचा चेंबर प्रथम घासतो. भारतीय बनावटीच्या डीसी अवंती या स्पोर्ट्स कारला निर्मात्याने १७० मिलिमीटरची उंची दिली होती ती याच व्यवहारज्ञानातून, आणि तो निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

आता टायर. गाडीचा सर्व पराक्रम शेवटी तळहाताएवढ्या रबराच्या चार तुकड्यांवर अवलंबून असतो, आणि तरीही मोठ्या अलॉयची हौस या रबराच्याच जिवावर भागवली जाते. टायरच्या कडेवर छापलेला मजकूर वाचता येणे हे मालकाचे पहिले शिक्षण: २०५/५५ आर १६ ९१व्ही असे लिहिले असेल तर रुंदी २०५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ५५ टक्के म्हणजे सुमारे ११३ मिलिमीटर, रिम १६ इंची, ९१ म्हणजे प्रत्येक टायरची ६१५ किलो भार वाहण्याची क्षमता आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. त्याऐवजी २२५/४५ आर १७ बसवल्यास चाकाचा एकंदर व्यास जवळजवळ तोच राहतो, म्हणून वेगदर्शक काटा खोटे बोलत नाही. परंतु कडेची उंची १०१ मिलिमीटरवर येते, आणि जी कड खड्ड्याचा पहिला आघात सोसत होती तिचा एवढा अंश नाहीसा झाल्यामुळे तो आघात रिमवर, आणि रिममार्फत बसणाऱ्याच्या कण्यावर, जातो. मोठे रिम बहुधा जडही असते, आणि स्प्रिंगाखालचे वजन वाढले की चाकाला रस्त्याचा चढउतार अनुसरणे कठीण होते. कडेवरच लंबवर्तुळात चार अंक असतात. २३२४ असल्यास ते टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाले. नक्षी शाबूत दिसते म्हणून सात-आठ वर्षांचे, उन्हाने ताठर झालेले रबर ताशी शंभराच्या वेगावर नेणे हा जिवाशी खेळ आहे. ज्याची ऐपत एकाच सुधारणेची असेल त्याने ती टायरांवर खर्च करावी, हे माझे निःसंदिग्ध मत आहे.

ब्रेकविषयी समजूत अशी की मोठी डिस्क आणि रंगीत कॅलिपर बसवले म्हणजे गाडी लवकर थांबते. पाय दाबताच जर मूळ ब्रेक चाकांना अडकण्याच्या सीमेपर्यंत नेत असतील आणि एबीएस जागे होत असेल, तर थांबण्याचे अंतर टायरची पकड ठरवते, डिस्क नव्हे. मोठ्या डिस्कचा लाभ उष्णता सोसण्यात आहे: मांजरसुंब्याचा घाट भरल्या गाडीने उतरताना जो चालक खालचा गिअर न घालता ब्रेकवर पाय ठेवूनच उतरतो, त्याचे पॅड तापतात आणि ब्रेकचे तेल उकळू लागते. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-४ प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू कोरे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ओलावा मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरला तरी प्रमाणात बसतो. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलणे ही स्वस्त आणि खरी सुधारणा होय. वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते, हा नियम कोणत्याही डिस्कने बदलत नाही.

इंजिनाच्या बाबतीत बीडचे हवामान स्वतःच एक पक्षकार आहे. मे महिन्यात ४२ अंशांवर हवा १५ अंशांच्या तुलनेत सुमारे ९ टक्क्यांनी विरळ असते, आणि शहराची समुद्रसपाटीपासूनची पाचशे मीटरांहून अधिक उंची धरता त्यात आणखी पाच-सहा टक्क्यांची भर पडते; टर्बो ही तूट अंशतः भरून काढतो, परंतु दाबलेली हवा अधिकच तापते आणि ज्वलन अवेळी होण्याचा, म्हणजे नॉकिंगचा, धोका उत्पन्न झाला की इंजिनाचा संगणक ठिणगी मागे घेऊन शक्ती कमी करतो. थंड हवेच्या ठिकाणी मोजलेले रिमॅपचे, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची आज्ञावली बदलून मिळवलेल्या शक्तीचे, आकडे आपल्या उन्हाळ्यात तसेच पदरात पडतील असे मानणे म्हणूनच व्यर्थ आहे. वाढीव शक्तीचा भार मात्र क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बो यांना बारमाही सोसावा लागतो, आणि निर्माता वॉरंटीच्या बंधनातून सुटतो. महाग पेट्रोलात अधिक ताकद असते ही समजूतही अशीच निराधार. ऑक्टेनचा अंक इंधनाची ऊर्जा सांगत नसून नॉकिंगला विरोध करण्याची त्याची क्षमता सांगतो. ज्या इंजिनाला नॉकिंगची अडचणच नाही त्याला शंभर ऑक्टेन पाजून काही निष्पन्न होत नाही. उसापासून निघणारे इथेनॉल ऑक्टेन वाढवते, पण एका लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलापेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी असते, म्हणून वीस टक्के मिश्रणात थोडे अधिक इंधन जळणे हा मिश्रणाचा स्वभाव आहे, पंपावरील लबाडी नव्हे. उघड्या जाळीच्या एअर फिल्टरविषयी एकच सांगतो: काळ्या मातीच्या शिवारातून जाणाऱ्या गाडीने बारीक धूळ अडवणारा कागदी फिल्टर सोडू नये.

कायद्याच्या बाबतीत दोन टोकांच्या समजुती आहेत. एक, आपल्या पैशाच्या गाडीत काहीही करावे. दुसरी, ९ जानेवारी २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या फेरफारांविषयीच्या निवाड्यानंतर काहीही करता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे ५२ वे कलम सांगते ते असे, की निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या आणि नोंदणी दाखल्यात उतरलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने करू नये. म्हणजे सांगाडा, इंजिनाचा प्रकार यांना हात लावण्यास मनाई. रंग बदलल्यास आरटीओच्या दफ्तरी नोंद आवश्यक. आणि त्याच मापाचे टायर, त्याच दर्जाचे शॉकप, उत्तम पॅड यांस हरकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अनधिकृत फेरफारास प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. सायलेन्सर काढून आवाज वाढवल्याने शक्ती वाढते ही कल्पना बहुधा फसवी, आणि ध्वनिप्रदूषणाचा गुन्हा मात्र स्वतंत्र लागतो. काळ्या काचांची फिल्म २०१२ पासून सर्वोच्च न्यायालयाच्याच हुकमाने बंद आहे. विमा कंपनीस न कळवलेला फेरफार अपघातानंतरच्या दाव्यात मालकाच्या अंगावर येतो, याचीही खातरजमा आधीच करून घ्यावी.

दिव्यांविषयी मात्र मी थोडे आग्रहाने लिहितो, कारण येथे प्रश्न दुसऱ्याच्या जिवाचा आहे. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडीचा प्रखर दिवा कोंबला की प्रकाशाची मर्यादारेषा मोडते. रस्ता उजळण्याऐवजी समोरच्याचे डोळे दिपतात. दिवाळीनंतर जिल्ह्यातील रस्त्यांवर रात्रंदिवस उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या चालतात, त्यांपैकी कित्येकांच्या मागे लाल परावर्तक पट्टीही नसते, आणि समोरून आलेल्या एका झोताने आंधळा झालेला दुचाकीस्वार त्या ट्रॉलीवर जाऊन आदळतो. दिव्याचा कोन बरोबर करून घेणे, पिवळी पडलेली काच घासून पारदर्शक करणे, एवढ्याने बहुतेकांची तक्रार मिटते.

राहिला प्रश्न परराज्यातील पाटीचा. महाराष्ट्राचा कर वाचवण्यासाठी वेगवान गाडी दुसरीकडे नोंदवून बीडमध्ये वर्षानुवर्षे फिरवता येते असा समज प्रचलित आहे, आणि जुनी गाडी स्वस्त मिळते ती पुष्कळदा याच कारणाने. ४७ वे कलम असे आहे, की वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथे नवी नोंदणी करून घेणे बंधनकारक आहे. त्यासाठी मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो, तो मिळण्यापूर्वी थकीत कर भरावा लागतो व बोजा असल्यास वित्तपुरवठा करणाऱ्याची संमती घ्यावी लागते, आणि महाराष्ट्राचा कर भरल्यावरच एमएच-२३ चा क्रमांक मिळतो. सौद्याचा इसार देण्यापूर्वी हा दाखला विक्रेत्याच्याच खर्चाने मागून घ्यावा, आणि त्यावरील सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक बॉनेट उघडून स्वतः ताडून पाहावा.